एवढ्यात लिहू नका

बाई, गेल्या महिन्यात अंधेरीतल्या एका हॉस्पिटलात मी तुमच्याबद्दल खोटं बोललो. पहिल्यांदा नव्हे. सहा वर्षं बोलतोय, पण ते खोटं आहे हे इतके दिवस माझं मलाच ऐकू येत नव्हतं. माझं काम तुम्हाला माहीत आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतली तीच आमची लहानशी कंपनी, रक्तातल्या पेशी ओळखण्यासाठी रंग लावलेल्या अँटिबॉडी बनवणारी. फक्त आता मी प्रयोगशाळेत कमी आणि बाहेर जास्त असतो. हॉस्पिटलांत जाऊन नर्सेसना आणि लॅबमधल्या लोकांना शिकवतो, की पीडी-वन नावाचं प्रथिन काय करतं, कॅन्सरच्या औषधाने ते झाकून टाकलं की शरीरात काय बिघडू शकतं, आणि रुग्णाची कुठली तक्रार हलक्यात घ्यायची नाही. तासाच्या शेवटी मी एक हकीकत सांगतो. विज्ञानाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, फुप्फुसाचा कॅन्सर होता, औषध छान लागू पडलं होतं. मग जुलाब सुरू झाले आणि त्यांनी ते डॉक्टरांपासून लपवले. आतड्याला भोक पडलं आणि त्या गेल्या. एवढं सांगून मी थोडा थांबतो. खोली शांत होते, माणसं वहीत लिहून घेतात, आणि मग आम्ही चहा पितो.

त्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका सिस्टरने हात वर केला. विशीतली पोरगी. म्हणाली, "सर, त्या तर शिकलेल्या होत्या ना? सायन्स शिकवायच्या म्हणताय. मग लपवलं का त्यांनी?" मी म्हणालो, "घाबरल्या असतील." ती म्हणाली, "हं," आणि खाली बघून लिहू लागली. घाबरल्या असतील. तुम्ही. बाहेर पडून रिक्षात बसलो तरी ते दोन शब्द माझ्या तोंडात राहिले होते. साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ अडकली आणि मला वाटलं, तुम्ही शेजारी बसला असता तर काय म्हणाला असता? काहीच नाही. चष्मा नाकावरून खाली ओढून नुसतं बघितलं असतंत.

तसं तुम्ही पहिल्यांदा बघितलंत तेव्हा मी नववीत होतो. घाटकोपरची आपली शाळा, दुसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा, तिच्यात पंचेचाळीस मुलांमागे चालणारे सूक्ष्मदर्शक तीन. कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग होता. माझा नंबर यायच्या आधी तास संपला म्हणून मी घरी जाऊन पुस्तकातली आकृती जर्नलमध्ये काढली, कंपासपेटीतली पट्टी वापरून, अगदी झकास. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला टेबलापाशी बोलावलंत. "हे तू पाहिलंस?" मी म्हणालो, "हो बाई." "सगळ्या पेशी एका मापाच्या दिसल्या तुला?" "हो." "आणि पाणी घालताना एकही बुडबुडा आला नाही?" तुमचा आवाज चढला नाही. तुम्ही डबा खायच्या सुट्टीत मला तिथेच बसवलंत, कांदा दिलात, ब्लेड दिलंत, आणि स्वतः समोर बसून पोळी-भाजी खात राहिलात. माझ्या काचपट्टीवर बुडबुडेच बुडबुडे, दोन पापुद्रे एकमेकांवर चढलेले, केंद्रक एकाही पेशीत धड दिसेना. मला रडू यायला लागलं. "काही दिसत नाही बाई." तुम्ही म्हणालात, "मग तसं लिही. दिसलं नाही, असं लिही. त्याचे मार्क मी कापत नाही. न बघता लिहिलेल्याचे कापते, आणि बघून न लिहिलेल्याचे त्याहून जास्त." त्या प्रयोगाचे मला दहापैकी सहा मिळाले. घरी आईला मी आठ सांगितले.

त्याच वर्षी तुम्ही आम्हाला रक्त दाखवलंत. मुलांची बोटं टोचायला मुख्याध्यापक परवानगी देईनात, तेव्हा तुम्ही ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमधून रंगाची बाटली आणि सुई आणलीत आणि आमच्यासमोर स्वतःच्या बोटाला टोचलंत. माझा नंबर आला तेव्हा मधली सुट्टी झाली होती आणि बाकी मुलं पळाली होती. मला अजून ते वर्तुळ आठवतं. फिकट गुलाबी तबकड्यांच्या गर्दीत एकच गोल, गडद जांभळी पेशी, जवळजवळ सगळी केंद्रकानेच भरलेली. मी विचारलं, ही काय करते? तुम्ही म्हणालात, "ही ओळखते. आपलं कोण आणि परकं कोण." मी म्हणालो, "चुकत नाही का?" तुम्ही थोडा विचार केलात. "चुकत असणार. मग तिला आवरणारंही काहीतरी असलं पाहिजे. मला माहीत नाही ते. तू मोठा झालास की शोध आणि मला येऊन सांग." इतर शिक्षक "मला माहीत नाही" असं म्हणत नसत. मी पुढे जे काही शिकलो, ते त्या एका वाक्यामुळे शिकलो असं मी लोकांना सांगतो. ते तेवढं तरी खरं आहे.

सांगायला आलो तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. म्हणजे मी आलो नाहीच, तुम्हीच फोन केलात. दुपारी मी कंपनीत होतो. "अरे, तुझ्या त्या पेशींचं काम निघालंय," असं म्हणून तुम्ही हसलात आणि हसता हसता खोकलात. चार महिने क्षयाचा समजलेला तो खोकला निघाला फुप्फुसाच्या कॅन्सरचा. आधीची औषधं लागू पडली नव्हती आणि हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल सुचवलं होतं. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं, कॅन्सरच्या पेशींना हात न लावणारं, फक्त टी पेशींवरचं, म्हणजे आपलं-परकं ओळखणाऱ्या त्या पेशींवरचं, एक प्रथिन झाकणारं औषध. त्यांनी दिलेल्या कागदांत त्या प्रथिनाचं नाव वाचून तुम्ही मला फोन केला होता. त्याच प्रथिनावर मी सात वर्षं काम करत होतो. बाई, मला तुमच्या आजाराचं वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. क्षणभर. पण झाला.

रविवारी मी मुलुंड पूर्वेला तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात पावट्याच्या शेंगा सोलत होतात, समोर तुमची भाची. ती तेव्हा तुमच्याकडेच राहायची. मी कागद मागून घेतला आणि चित्र काढायला लागलो. म्हणालो, "बाई, पीडी-वन म्हणजे टी पेशीचा ब्रेक." तुम्ही लगेच म्हणालात, "ब्रेक नको. गाडीला ब्रेक असतो. पेशीत काय होतं ते सांग." मग मला नीट सांगावं लागलं. टी पेशीला शत्रू सापडला की ती पेटते, वाढते, आणि पेटल्यावर स्वतःच्या पृष्ठभागावर हे प्रथिन आणते. समोरच्या पेशीवर त्याच्याशी जुळणारं दुसरं प्रथिन असतं. दोन्ही एकमेकांना चिकटली की टी पेशीच्या आत जो संदेश पेटलेला असतो त्याचा जोर उतरतो, ती मंदावते. कॅन्सरची पेशी हेच जुळणारं प्रथिन स्वतःच्या अंगावर चढवते आणि मारायला आलेल्या टी पेशीला गप्प करते. औषध मध्ये येऊन हे चिकटणं थांबवतं. टी पेशी पुन्हा कामाला लागते.

"ते कॅन्सरचं झालं," तुम्ही म्हणालात. शेंगा सोलणं थांबलं होतं. "कॅन्सरसाठी तर शरीराने ते ठेवलेलं नाही ना? मग ते मुळात तिथे कशाला आहे?" मी म्हणालो, खूप कामं आहेत. लढाई संपल्यावर टी पेशींनी आपल्याच अवयवांचं नुकसान करू नये म्हणून. वर्षानुवर्षं चालणाऱ्या संसर्गात टी पेशींचा जोर मर्यादेत राहावा म्हणून, नाहीतर जंतूंपेक्षा त्यांच्यामुळेच शरीराचं नुकसान जास्त व्हायचं. आईच्या पोटात अर्धं परकं बाळ असतं, ते तिच्या पेशींनी सहन करावं यातही त्याचा हात आहे. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिनच नसतं, त्यांच्या पेशी वय वाढेल तसं त्यांच्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर, काहींच्या तर हृदयावर उठतात. तुम्ही ऐकत होतात. मग म्हणालात, "म्हणजे आतड्यात त्याला काम फारच असेल. रोज परकं अन्न, एवढे जंतू. तिथे सारखं सोसावंच लागतं." मी म्हणालो, "हो बाई, आतड्यात असतं." आणि चटकन पुढच्या चित्राकडे वळलो, कारण मला तुम्हाला औषधाची चांगली बाजू सांगायची घाई होती. तुमच्या भाचीने विचारलं, "दादा, मग हे झाकलं की मावशीच्या पोटाला त्रास होईल का?" मी म्हणालो, "होतो थोड्या जणांना. गोळ्यांनी आटोक्यात येतो. लक्ष ठेवलं की झालं." लक्ष कोण ठेवणार होतं, ते तिघांनाही माहीत होतं.

ट्रायलमध्ये तुम्हाला एक वही मिळाली. रोज एक पान. ताप, पुरळ, खोकला, धाप, पोट, झोप, जे होईल ते त्याच दिवशी लिहायचं. तुम्ही सिस्टरला सांगितलंत, "हे मला शिकवू नका, मी जन्मभर मुलांकडून हेच करून घेतलंय." पहिल्या दोन महिन्यांची तुमची पानं मी पाहिली आहेत. डाव्या हाताच्या अंगठ्यापाशी खाज आली ती किती वाजता आली आणि कधी गेली, इथपर्यंत लिहिलेलं. तिसऱ्या सलाईननंतर स्कॅन झाला आणि गाठ अर्ध्याहून लहान झाली. डॉक्टरांनी पडद्यावर आधीचं आणि आताचं चित्र शेजारी शेजारी लावलं आणि मला बोलावून दाखवलं. मी फोनमध्ये त्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कंपनीत सगळ्यांना दाखवला. कॅन्टीनमध्ये दाखवला, साहेबांना दाखवला, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दाखवला. "माझ्या शाळेतल्या बाई आहेत," असं म्हणायचो, आणि त्यातल्या 'माझ्या'वर जोर द्यायचो. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं.

पाचवं सलाईन यायला दहा दिवस होते तेव्हा तुमचा फोन आला. दुपारचा दीड. मी कॅन्टीनच्या बाहेर जिन्यात उभा होतो. तुम्ही आधी इकडचं तिकडचं बोललात, मग म्हणालात, "अरे, पोट बिघडलंय जरा. काल पाच वेळा जावं लागलं. आज सकाळपासून तीन." मी विचारलं, रक्त? नाही. ताप? नाही. बाहेरचं काही खाल्लंत का? तुम्ही म्हणालात, परवा भाचीने इडल्या आणल्या होत्या कोपऱ्यावरून. आणि बाई, मी तुम्हाला रागावलो. "बाहेरची चटणी कशाला खायची? एवढं सांगितलं होतं." तुम्ही ऐकून घेतलंत. मग शांतपणे म्हणालात, "तू आतड्याचं म्हणाला होतास ना." मी म्हणालो, "ते वेगळं बाई. ते असं नसतं." कसं नसतं? ते असंच असतं. पहिल्या दिवशी ते असंच, साध्या बिघडलेल्या पोटासारखं दिसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, कारण आमच्याच माहितीपत्रकात मी ते वाक्य लिहिलं होतं.

पण मला नियमही माहीत होते. पाच वेळा लिहिलं की पुढचं सलाईन रोखणार, स्टेरॉइड सुरू करणार, आणि आणखी वाढलं तर ट्रायलमधूनच काढणार. त्या पडद्यावरची लहान झालेली गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. "वहीत लिहिते मग," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "एवढ्यात लिहू नका." तुम्ही काही बोलला नाहीत. मी म्हणालो, "दोन-तीन दिवस बघू. ताक घ्या, मऊ भात खा, मीठ-साखरेचं पाणी घ्या. थांबलं तर उगाच कशाला नोंद? औषध बंद केलं तर हातचं जाईल बाई." मग तुम्ही अगदी हळू म्हणालात, "तुला यातलं कळतं." त्या वाक्याला शेवटी प्रश्नचिन्ह होतं की पूर्णविराम, हे मी आठ वर्षं ठरवू शकलेलो नाही.

ते थांबलं नाही. कधी चार वेळा, कधी सात. तुम्ही मला रोज आकडा सांगायचात, वहीत लिहायचा तो आकडा, आणि मी म्हणायचो उद्या बघू. एका दिवशी दोनच वेळा झालं तेव्हा मी म्हणालो, "बघा, उतरतंय." पाचव्या सलाईनच्या दिवशी मी सुट्टी घेऊन आलो. डॉक्टरांच्या टेबलापाशी तुम्ही खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर. तुमचे गाल बसले होते. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन फिरत होतं. डॉक्टर वही चाळता चाळता नेहमीचे प्रश्न विचारत होते. खोकला? कमी. धाप? नाही. पोट? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तेच ते, चष्म्यावरून. मी भिंतीवर टांगलेल्या हात धुण्याच्या सूचना वाचायला लागलो. आधी तळवे, मग बोटांच्या मधली जागा. "पोट ठीक आहे," तुम्ही म्हणालात. डॉक्टर म्हणाले, "वजन थोडं उतरलंय." तुम्ही म्हणालात, "भूक कमी झालीये." त्यांनी ते लिहून घेतलं, आणि तासाभराने तुमच्या हाताला सलाईन लागलं. तुमच्याकडून ऐकलेलं ते पहिलं खोटं. ते माझं होतं, बोललात तुम्ही.

पुढच्या आठवड्यात रक्त दिसायला लागलं. ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, फोनवर नुसतं "आहे तसंच आहे" म्हणालात. शनिवारी सकाळी पोट फळीसारखं कडक झालं, आणि भाचीने तुम्हाला हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं, आतड्याचा मोठा तुकडा काढावा लागला, स्टेरॉइड दिली, त्याहून जालीम औषध दिलं. तुमच्या टी पेशी आता कशाचंच ऐकत नव्हत्या. नवव्या दिवशी तुम्ही गेलात. फुप्फुसातली गाठ शेवटच्या स्कॅनमध्ये जवळजवळ दिसत नव्हती. डॉक्टर मला व्हरांड्यात म्हणाले, "दोन दिवसांतच इतकं कसं वाढलं कळत नाही. लवकर कळलं असतं तर बहुतेकदा स्टेरॉइडवर आटोक्यात येतं." दोन दिवस हे त्यांना कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. मी मान हलवली. ते मला आतल्या गोटातला माणूस समजून बोलत होते, आणि मी तसाच उभा राहिलो.

मग मी त्यावर शिकवायला लागलो. सुरुवातीला मला खरंच वाटायचं की हे प्रायश्चित्त आहे. तुमच्यामुळे दुसऱ्या कुणाची तरी तक्रार वेळेवर ऐकली जाईल, आणि तशी ती जातही असेल. पण गोष्ट सांगताना कुणीतरी ते लपवलेलं असावं लागतं, आणि खोलीत मी उभा असतो, तुम्ही नसता.

अंधेरीच्या त्या सिस्टरनंतरच्या रविवारी मी तुमच्या भाचीकडे गेलो. ती लग्नानंतर बोरिवलीला राहते, मुलगी आहे तिला सहा वर्षांची. मधल्या काळात आमचं बोलणं दिवाळीच्या मेसेजपुरतं उरलं होतं. तिने चहा केला. मी खूप तयारी करून गेलो होतो, तरी भलतीकडूनच सुरुवात केली. म्हणालो, "तुझ्या मावशीच्या शेवटच्या दिवसांबद्दल एक गोष्ट तुला माहीत नाही." तिने कप खाली ठेवला. "वहीचं?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती म्हणाली, "मी तिथेच होते ना दादा. मावशी मेथी निवडत होती, हात मातीचे, म्हणून मीच फोन लावून दिला होता स्पीकरवर. सगळं ऐकलं मी."

"मग तू बोलली का नाहीस? तेव्हा, डॉक्टरांना?"

"मला वाटलं तुम्हाला कळतं." ती खिडकीकडे बघत होती. "आणि नंतर त्यांनी विचारलं, कधीपासून होतंय, तर मी म्हणाले दोन दिवस. तोंडातून निघून गेलं. खरं सांगितलं असतं तर विचारलं असतं ना, घरात होतीस तू, काय करत होतीस."

आत तिची मुलगी मोठ्याने पाढे म्हणत होती. मग भाची म्हणाली, "पहिलं वर्ष मी वाट बघितली. वाटायचं, येतील, सांगतील. वर्षश्राद्धाला तुम्ही आलात, जेवलात, बाईंनी मला घडवलं म्हणून सगळ्यांना सांगितलंत. त्यानंतर मी वाट बघायची सोडली." मी म्हणालो, "माफ कर." ती म्हणाली, "मला कशाला म्हणताय?" रागाने नव्हे. खरंच विचारत होती. निघताना ती दारापर्यंत आली. "मावशी शेवटी आयसीयूत एकदाच तुमच्याबद्दल बोलली," ती म्हणाली. माझा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. "म्हणाली, तो जेवला का बघ, सकाळपासून उभा आहे." एवढं सांगून तिने दार लावून घेतलं.

सोमवारी मी ट्रायलच्या डॉक्टरांना सगळं लिहून पाठवलं. कुठल्या दिवशी जुलाब सुरू झाले, रोज किती, कुणी काय सांगितलं. रोजचे आकडे मला तोंडपाठ आहेत, ते विसरायचा मी कधी प्रयत्नही केला नव्हता. त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. ट्रायल कधीच संपली, पण सुरक्षेची माहिती जिथे जाते तिथे दुरुस्ती कळवतो. शेवटी एकच वाक्य होतं: हे तेव्हा सांगायला हवं होतंत. मी ते उत्तर बऱ्याचदा वाचलं. त्याच्यात दुसरं काही लिहिलेलं असेल असं उगाच वाटत राहिलं.

आणि काल मुलुंडला माझा तास होता, तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर. तुमची इमारत पाडली, बाई. नवीन टॉवर होतोय, भोवती निळे पत्रे लागलेत. हे लिहितोय ते कुठे पाठवायचं नाहीच, पण पाठवायचं म्हटलं तरी आता तुमच्या नावाची पेटीसुद्धा राहिलेली नाही. तासाच्या शेवटी मी हकीकत सांगितली. पहिल्यांदा, घडली तशी. त्या शिक्षिका माझ्या बाई होत्या. त्यांनी लपवलं नाही. त्या लिहायलाच निघाल्या होत्या, लिहू नका असं मी सांगितलं. मला यातलं कळत होतं आणि तरी सांगितलं. माझा आवाज नीट होता. कुणी प्रश्न विचारला नाही.

नंतर चहाच्या वेळी तिथल्या मेट्रन माझ्यापाशी आल्या. पन्नाशीच्या, तुमच्यासारखाच चष्मा. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सर, एवढ्या लोकांसमोर हे सांगायला मोठं मन लागतं." आणखी दोघीतिघी जमल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, नाही हो, कसलं मोठं मन. पण मी कप हातात धरून तिथेच उभा राहिलो, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ, आणखी कुणी येतंय का बघत. बाई, मला ते आवडलं.